टॅक्स, टास्क आणि नुसकान

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि लासलगावचे लिलाव बंद पडले. तेव्हा नाशकात जो तो बोलत होता ते 'नुसकाना'बद्दल. शिकलेली मंडळी हा उच्चार ऐकून हसतात, 'नुकसान' म्हणायला लावतात. पण अगदी अशाच उलटापालटीतून इंग्रजीला एक अख्खा शब्द मिळालाय, आणि तोही करापायीच.

'टॅक्स' मूळचा लॅटिन. 'टांगेरे' म्हणजे शिवणं, हात लावणं. शाळेतल्या भूमितीतली टॅन्जन्ट, आपली स्पर्शिका, तिथलीच. त्यावरून 'टाक्सारे', म्हणजे पुन्हा पुन्हा चाचपून किंमत ठरवणं. लिलावात कांदा दाबून बघत बोली लावणारा व्यापारी दुसरं काय करतो? फ्रेंचमार्गे शब्द इंग्रजीत पोचला तोवर त्याला आकारणीचा अर्थ चिकटला होता.

मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'टाक्सा'चं बोलता बोलता 'टास्का' झालं. आधी नेमून दिलेलं देणं, मग नेमून दिलेलं काम. तोच आजचा 'टास्क'.

आता गंमत बघा. 'क' म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो, हवा क्षणभर अडते आणि सुटते. कान 'क' ओळखतो तो मुख्यतः या सुटण्यावरून. लगेच पुढे स्वर असेल, तर त्याच्या सुरुवातीलाच 'क'ची खूण उमटते. 'नुक्सान'मध्ये मात्र 'क' थेट 'स'च्या सुसकाऱ्यात सुटतो आणि ती खूण पुसट होते. त्यात 'स'ची ऊर्जा वरच्या कंप्रतेला एकवटलेली. तो बाकी बोलण्यापासून सुटा ऐकू येतो, म्हणून 'क'च्या आधी होता की नंतर, याचा कानाला घोळ पडतो. जागा बदलल्या की 'क' सरळ 'आ'वर सुटतो, खणखणीत. 'टाक्सा'चंही तेच. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. घोळ उलट दिशेनेही होतो: 'आस्क'ची जुन्या इंग्रजीत 'आस्कियन' आणि 'आक्सियन' अशी दोन्ही रूपं नांदत होती.

'टॅक्स' म्हणे संस्कृत 'तक्ष्'वरून आला, खिसा तासतो म्हणून! असले फॉरवर्ड वाचून छाती फुगवू नका. 'तक्ष्'चा खरा भाऊबंद ग्रीक 'टेक्टॉन', म्हणजे सुतार. 'टॅक्स'च्या नात्यातली आहे ती टॅक्सी, कारण टॅक्सीमीटर म्हणजे भाडं आकारणारं यंत्र. आपल्याकडे मीटरने यायला कुणी तयार होत नाही, तो भाग वेगळा.