इज इक्वल टू आणि डबल इक्वल टू: ऑपरेटर असे का झाले

अ = अ + १

सातवीच्या गणिताच्या वहीत ही ओळ लिहिली तर बाई लाल पेनने काट मारतील, कारण कुठलाही आकडा स्वतःपेक्षा एकने मोठा असूच शकत नाही. आणि प्रोग्रामिंगच्या पहिल्याच आठवड्यात हीच ओळ फळ्यावर येते आणि बरेचदा एवढंच सांगितलं जातं की याला असाइनमेंट म्हणतात, लक्षात ठेवा. मला मनापासून वाटतं की नवीन मुलं ऑपरेटरमधे अडकतात ती इथेच, आणि डोकं कमी पडतं म्हणून नाही, तर एका जुन्या चिन्हाला नवीन काम कुणी, कधी आणि का लावलं हे त्यांना सांगितलेलंच नसतं म्हणून.

आधी थोडक्यात, ऑपरेटर म्हणजे काय. एक चिन्ह, जे आजूबाजूच्या किमती घेतं, काहीतरी करतं आणि एक उत्तर मागे ठेवतं. ५ + ३ चं उत्तर ८. ५ > ३ लाही उत्तर असतं, "खरं". आणि सी भाषेत अ = ५ या ओळीलासुद्धा उत्तर असतं, ५. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, पुढे त्यावरूनच मोठं रामायण झालंय.

ही चिन्हं मुळात कागदासाठी जन्माला आली. अधिक आणि वजा ही चिन्हं छापील पुस्तकात पहिल्यांदा दिसतात ती १४८९ साली, योहानेस विडमनच्या व्यापारी हिशोबाच्या जर्मन पुस्तकात. बरोबरचं चिन्ह १५५७ सालचं, वेल्समधल्या रॉबर्ट रेकॉर्डचं. "च्या बरोबर आहे" असं पुन्हापुन्हा लिहायचा त्याला कंटाळा आला होता, म्हणून त्याने दोन समांतर रेघा घेतल्या, कारण त्याच्या मते जगात यापेक्षा सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत. म्हणजे या चिन्हाच्या जन्मातच "दोन्ही बाजू सारख्या" हा अर्थ आहे, त्यात कुठेही "हे उचल आणि तिथे ठेव" असं नाही. (आपल्याकडे तर त्याच्याही कितीतरी आधी बख्शाली हस्तलिखितात यु, गु, भा अशी अक्षरं ऑपरेटरचं काम करत होती: युत, गुणित, भाजित. मला हे फार आवडतं.)

मग हे "उचल आणि ठेव", म्हणजेच असाइनमेंट, आलं कुठून? तर १९५७ साली आयबीएमच्या जॉन बॅकस आणि त्याच्या टीमने आयबीएम ७०४ मशीनसाठी फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा बाहेर काढली तेव्हा. प्रोग्रॅम पंच कार्डावर (भोकं पाडलेल्या जाड कागदाच्या कार्डावर) टाइप व्हायचा आणि त्या कार्डावर मोजकीच चिन्हं होती, गुणाकाराची फुली नव्हती (एक्स अक्षराशी गोंधळ झाला असता तो वेगळाच), म्हणून तारा घेतला, भागाकाराला तिरकी रेघ घेतली, आणि तेच तारा आणि रेघ आज आपण पायथनमधे टाइप करतो. "पेक्षा मोठं" "पेक्षा लहान" ही चिन्हंही कार्डावर नव्हती आणि पहिल्या फोरट्रानमधे दोन किमतींची सरळ तुलना करणारा ऑपरेटरच नव्हता, एखादी किंमत ऋण आहे, शून्य आहे की धन आहे एवढंच बघून तीन वाटांपैकी एका वाटेला जायचं. म्हणजे बरोबरच्या चिन्हाला तुलनेचं काम नव्हतंच, ते रिकामं होतं, म्हणून ते "उजवीकडची किंमत काढ आणि डावीकडच्या नावात ठेव" या कामाला लावलं. पुढच्या फोरट्रानमधे तुलना आली तेव्हा चिन्ह आधीच अडकलेलं होतं, मग टिंबांच्या मधे ईक्यू (बरोबर), जीटी (पेक्षा मोठं) अशी अक्षरं लिहायला लागली.

युरोपातल्या लोकांना हे पटलं नाही. १९५८ साली झुरिकमधे युरोपियन आणि अमेरिकन मंडळी बसली आणि अल्गोल नावाची भाषा ठरवली, त्यात ठेवण्यासाठी := हे वेगळं चिन्ह घेतलं, आणि साधं = मात्र रेकॉर्डच्याच अर्थाने, तुलनेसाठी मोकळं ठेवलं. माझ्या मते आजवरचा सगळ्यात स्वच्छ निर्णय हाच. निक्लाउस विर्टने १९७० मधे पास्कलमधे तेच चालू ठेवलं.

मग आजच्या भाषांमधे फोरट्रानचा अर्थ परत कसा आला? बेल लॅब्स या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेमुळे. १९६९ च्या सुमारास केन टॉम्पसनने पीडीपी-७ या छोट्याशा मशीनवर बी नावाची भाषा केली. तिचे पूर्वज अल्गोलच्याच घराण्यातले, तिथे := होतं, पण टॉम्पसनला कमीत कमी टाइप करायचं होतं. कारण असं दिलं गेलं की प्रोग्रॅममधे किंमत ठेवायची वेळ तुलनेच्या साधारण दुप्पट वेळा येते, तर मग ठेवण्याचं चिन्ह निम्म्या लांबीचं असावं. म्हणून ठेवायला = आणि तुलनेला ==. डेनिस रिचीने १९७२ च्या आसपास सी घडवली ती बी मधूनच, आणि सी पासून सी++, जावा, जावास्क्रिप्ट, पीएचपी अशी सगळी भावकी. आज लाखो मुलं रोज बरोबरचं चिन्ह दोनदा टाइप करतात ते एका माणसाचा एक कीस्ट्रोक वाचावा म्हणून.

जाता जाता ++ बद्दल, म्हणजे किंमत एकने वाढवणाऱ्या चिन्हाबद्दल. ++आय आणि आय++ मधला फरक आपल्याकडे व्हायव्हाला हमखास विचारतात, आणि ++ हे पीडीपी-११ मशीनच्या सोयीसाठी आलं असंही बरेच जण सांगतात, पण ते चूक आहे, टॉम्पसनने ++ केलं तेव्हा पीडीपी-११ नव्हतंच. तसंच आजचं += (अ += १ म्हणजे अ = अ + १ चंच छोटं रूप) आधी उलटं, =+ असं होतं. मग अ=-१ लिहिलं तर अ मधून एक वजा करायचा का अ मधे उणे एक ठेवायचा हे कळेना, म्हणून सत्तरच्या दशकात ते फिरवलं.

आता ते रामायण. सी मधे अ = ५ लाही किंमत असल्यामुळे ते इफच्या, म्हणजे अट तपासणाऱ्या ओळीच्या, कंसात चालतं, एरर येत नाही. नोव्हेंबर २००३ मधे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) कोडच्या एका कॉपीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घुसवल्या, वरवर बघताना वाटावं की युजर आयडी ० आहे का ते तपासतायत, पण तिथे == ऐवजी = होतं, म्हणजे तपासणी नाहीच, आयडी सरळ ० करून टाकायचा, आणि लिनक्समधे ० म्हणजे रूट, सगळे हक्क. दोन कॉप्या जुळत नाहीत हे लक्षात आलं म्हणून ते पकडलं गेलं, मुख्य कोडमधे शिरलं नाही. एका चिन्हाचा फरक. म्हणून पहिल्या प्रॅक्टिकलला "डबल इक्वल टू दिलंस का?" असं कुणी विचारलं तर चिडू नका.

पायथनमधे ती भाषा बनवणाऱ्या गिडो व्हॅन रॉसमने हा दरवाजाच बंद ठेवला, इफमधे बरोबरचं एकच चिन्ह दिलं की सिंटॅक्स एरर. पुढे लोकांना तपासता तपासता किंमत ठेवायचीही सोय हवी होती, त्यावर २०१८ मधे इतका वाद झाला की गिडो नेतृत्वावरून बाजूला झाला, पण २०१९ च्या पायथन ३.८ मधे ते आलं, आणि त्यासाठी निवडलेलं चिन्ह कोणतं, तर अल्गोलचं :=, साठ वर्षांनी.

दुसरी अडचण म्हणजे आधी काय सुटणार. शाळेत आपण कंचेभागुबेव पाठ केलेलं असतं, पण त्यात बेरीज वजाबाकीच्या आधी आहे म्हणून ८ - ३ + २ चं उत्तर ३ काढणारी मुलं मी पाहिली आहेत. कॉम्प्युटर ७ देतो आणि तेच बरोबर, कारण बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जी आधी भेटेल ती आधी. गुणाकार भागाकाराचंही तसंच.

मशीनला ही पायरी शिकवायची कशी हा १९५७ मधे खरा प्रश्न होता आणि फोरट्रानवाल्यांनी काढलेला उपाय मला अजूनही सुंदर वाटतो. त्यांनी कंसच वाढवले. घात बाजूला ठेवू, तर प्रत्येक + च्या जागी ))+(( टाकायचं, प्रत्येक * च्या जागी )*( टाकायचं, सुरुवातीला (( आणि शेवटी )). आता अ + ब * क वर करून बघा, ((अ))+((ब)*(क)) मिळतं, म्हणजे गुणाकार आपोआप आतल्या कंसात गेला. पुढे डाइक्स्ट्रा या डच कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने अल्गोलसाठी रेल्वे यार्डातल्या शंटिंगसारखी पद्धत काढली, ऑपरेटर बाजूच्या रुळावर थांबवायचे आणि वेळ आली की परत मेन लाइनला आणायचे. केनेथ आयव्हर्सनच्या एपीएल या भाषेत तर चिन्हंच इतकी होती की त्याने पायऱ्या काढूनच टाकल्या, सगळं उजवीकडून, तिथे ३ × २ + ४ म्हणजे १८.

आणि सी मधे एक पायरी चुकलेली आहे, ते रिचीने स्वतः मान्य केलंय. बी मधे & हे एकच चिन्ह "आणि" साठीही होतं आणि बिटवाइजसाठीही (आकड्यातल्या एकेका बिटवर काम करायला), म्हणून ते == च्या खाली असणं, म्हणजे त्याच्यानंतर सुटणं, सोयीचं होतं. नंतर "आणि" साठी && वेगळं केलं, तेव्हा & ला वर उचलायला हवं होतं, पण जुना कोड बिघडेल म्हणून तसंच ठेवलं. तो जुना कोड किती, तर काही शे किलोबाइट आणि सगळी मिळून तीन इन्स्टॉलेशन. त्यामुळे सी मधे आजही अ & १ == ० लिहिलं तर आधी १ == ० तपासलं जातं, ते खोटं म्हणजे ०, आणि अ काहीही असो, उत्तर कायम ०. जावास्क्रिप्टमधेही हेच होतं. पायथन, गो आणि रस्टमधे & वर उचललाय, तिथे कंस न देताही चालतं.