हॅलिबट पडद्यावर दिसत नाही, मग शोधायचा कसा?

अलास्काच्या थंड पाण्यात हॅलिबट हा मोठा चपटा मासा धरायला निघालेले बरेच हौशी लोक फिश फाइंडरच्या, म्हणजे ध्वनीने पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर मोठा मासा उमटेपर्यंत होडी फिरवत राहतात. जी खूण उमटते ती बहुधा दुसऱ्याच माशाची असते. यंत्रात दोष नसतो, पण हॅलिबट त्याला जवळजवळ ऐकूच येत नाही.

यंत्र ध्वनीचे स्पंद खाली सोडते आणि परतणारा प्रतिध्वनी टिपते. माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा बहुतेक भाग त्याच्या वाताशयातून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतून येतो, कारण पाणी आणि हवा जिथे भेटतात तिथून ध्वनी जवळपास पूर्ण परततो. मांसातून मात्र तो बराचसा आरपार जातो. हॅलिबट हा लेपासारखाच चपट्या माशांच्या गणातला. मोठेपणी त्याला वाताशय नसतोच, आणि तो तळाला अंग टेकून पडतो. आता हिशेब पाहा. थंड समुद्रात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,४७० मीटर. अर्ध्या मिलिसेकंदाचा स्पंद पाण्यात सुमारे ७४ सेंमी लांब होतो. दोन वस्तूंत याच्या निम्मे, म्हणजे ३७ सेंमी अंतर नसेल, तर त्यांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. २० सेंमी जाडीचा मासा तळाच्या दणदणीत प्रतिध्वनीत बुडून जातो. उतारावर तर आणखी पंचाईत. २० अंशांचा ध्वनिशंकू ६० मीटर खोलीवर २१ मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. त्यातल्या सर्वांत उंच जागेचा प्रतिध्वनी आधी पोचतो आणि उतारावरचे बाकी सगळे त्यामागे झाकले जाते.

म्हणून मासा शोधू नका, तळ आणि पाण्याची ओढ शोधा. हॅलिबट हिवाळ्यात खंडान्त उतारावरच्या, म्हणजे खंडाची कड जिथे खोल समुद्रात उतरते तिथल्या, खोल पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी समुद्रबूड जमिनीवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बुडालेल्या सपाटीवर, उथळात येतो. सागरी नकाशात समान खोलीच्या रेषा जिथे दाटतात ती जागा पाहा: भोवती ७० मीटर आणि मध्ये ५० मीटरपर्यंत चढलेला उंचवटा असेल तर उत्तम. तळ वाळूचा (नकाशात ‘एस’) किंवा खडीचा (‘जी’) हवा. ओढ उंचवट्यावर आदळून वर चढते, लहान मासे कडेला गोळा होतात, आणि हॅलिबट तिथेच दबा धरतो.

नांगर उंचवट्याच्या वरच्या अंगाला, ओढ जिकडून येते तिकडे टाका. हॅलिबट वासाचा माग काढत येतो. अर्ध्या नॉटची (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) ओढ आमिषाचा वास तासाभरात ९०० मीटरांवर नेते. होडी वाहत राहिली तर हा माग तुटतो. भरती-ओहोटी उलटली की होडीही पलीकडे न्यावी लागते.

चंद्र पाहून मासा ‘कधी लागेल’ सांगणारे तक्ते सर्रास विकले जातात. त्यांवर पैसे घालवू नका. चंद्राचा परिणाम खरा आहे, पण तो भरतीतून होतो, आणि त्यासाठी भरतीचे कोष्टक पुरते. दोरीवरचा पाण्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: एक नॉटचे दोन झाले की चौपट. अलास्कातल्या कुक इनलेट या आखातासारख्या ठिकाणी उधाणात वजन तळाला टिकतच नाही. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची, भरती असते, तेव्हा ओढ मंद असते आणि पाणी थांबण्याच्या आगेमागे गळ टाकायला जास्त वेळ मिळतो.

१६/० मापाचा गोल (टोक आत वळलेला) गळ, त्याला हेरिंग मासा किंवा सॅमनच्या पोटाची पट्टी. मंद ओढीला ४५० ग्रॅम, जोराच्या ओढीला ९०० ग्रॅम वजन. दोरी ४५ अंशांहून जास्त तिरपी झाली, तर बहुधा वजन उचलले गेले आहे आणि आमिष माशाच्या डोक्यावरून वाहते आहे. मासा लागला की झटका देऊ नका; गोल गळ झटक्याने तोंडातून निसटतो. मासा वळून दोरी ताणू लागला की स्थिर ताण ठेवून गुंडाळायला घ्या, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुततो.

नांगराचा दोर खोलीच्या निदान तिप्पट, शिवाय काही मीटर साखळी. तो नाळेलाच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच, बांधा. मागे बांधला तर ओढ होडीची मागची बाजू खाली खेचते, लाट आत शिरते आणि होडी बुडू शकते. दोराच्या टोकाला तरंगता बोया असू द्या: मोठा मासा दूर धावला, तर दोर सोडून त्याच्यामागे जाता येते आणि नंतर परत येऊन तोच नांगर उचलता येतो.