ऑफिस हलते, फर्निचर मागे राहते: पार्श्वभूमी

ऑफिस हलवताना जुन्या फर्निचरचे करायचे काय, हा प्रश्न फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या जुन्या पेढ्यांना फारसा पडला नाही. सागवानी टेबल, वेत विणलेली खुर्ची, लोखंडी कपाट हे सगळे अखंड उचलता येई. जागा पगडीची, त्यामुळे हलणेच क्वचित. हललेच तर हमाल लावायचे आणि नको तो माल लिलावात काढायचा. नरिमन पॉइंटचे मनोरे उभे राहिले तरी यात मोठा फरक पडला नव्हता.

फरक पडला तो वर्कस्टेशनने. पार्टिशन, टेबल आणि शेल्फ सुटे करून हवे तसे पुन्हा जोडता यावेत, ही कल्पना एका अमेरिकी कंपनीने १९६८ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात आयटीबरोबर रुजली, तोवर तिचे क्युबिकल झाले होते. एल आकाराचे १५०० बाय १५०० मिमीचे टेबल, भोवती १२०० मिमी उंच, ६० मिमी जाड पार्टिशन. पुढे माणशी जागा कमी झाली आणि १२०० बाय ६०० चे सरळ टेबल रूढ झाले. एल टॉप कापून सरळ करता येतो, पण कापलेली कड उघडी पडते. तिला नवी एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावण्याचा खर्च आणि मजुरी धरली की नवा टॉप परवडतो.

दुसरी अडचण बोर्डाची. १८ मिमीचा प्रीलॅम पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुसा दाबून केलेली आणि वर लॅमिनेट चढवलेली फळी, मिनीफिक्सने म्हणजे कॅम आणि बोल्टच्या जोडीने जोडलेला असतो. कॅम अर्धा फेरा सैल करून पॅनेल वेगळे केले आणि बोल्ट जागेवरच ठेवला, तर तेच कपाट दुसऱ्या जागी उभे राहते. घाईतले हमाल बोल्टही उपसतात, भोकाचा भुसा होतो आणि पुन्हा पकड मिळत नाही. मग ५० मिमी बाजूला नवे भोक पाडावे लागते. पावसाळ्यात उघड्या टेम्पोतून गेलेल्या पॅनेलची कड फुगली, तर ती पुन्हा बसत नाही. लोखंडी सांगाड्यावरचा २५ मिमी टॉप याच कारणाने जास्त टिकतो. त्यातही हिशेब चुकतो तो पायांचा: समोरासमोर सहा जणांच्या ओळीला टोकाचे दोन आणि मधले दोन पाय असतात. तिचे चार आणि दोन असे तुकडे केले की टोकाचे चार लागतात, म्हणजे दोन कमी पडतात, आणि मधला एक उरतो. मधला पाय आत सरकवलेला असल्याने तो टोकाला चालत नाही.

करारांनीही हातभार लावला. तीन वर्षांचा लॉक-इन, म्हणजे त्याआधी जागा सोडता येत नाही, आणि जाताना जागा बेअर शेल, म्हणजे आतले सगळे काढून मोकळी, करून द्यायची अट, हा मुंबई-पुण्यातला सर्वसाधारण साचा. इमारतीत माल हलवायला परवानगी रात्रीची किंवा रविवारची, सर्व्हिस लिफ्ट एकच. नव्या ऑफिसचे फर्निचर आर्किटेक्टने तोवर ठरवून टाकलेले असते. जुन्याचा विचार शेवटच्या महिन्यात सुरू होतो आणि जुन्या मालाचा डीलर एकरकमी लॉट उचलतो. तो पैसे मोजतो खुर्च्या आणि लोखंडी स्टोरेजचे. टॉप आणि पार्टिशन त्याच्या दृष्टीने मजुरीचे ओझे.

पण खरा गुंता जीएसटीचा आहे आणि ऑफिस हलवण्याच्या चर्चेत त्याचेच नाव सर्वांत कमी निघते. आधीच्या सेनव्हॅटमध्ये, म्हणजे जीएसटीपूर्वीच्या क्रेडिट योजनेत, भांडवली मालाच्या यादीत फर्निचरचे चॅप्टर ९४ नव्हते. १ जुलै २०१७ पासून, पुस्तकात भांडवली खाती टाकलेल्या फर्निचरवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळू लागले, म्हणजे खरेदीवर भरलेला कर स्वतःच्या कराच्या देण्यातून वळता करता येऊ लागला. जागेवर सुताराने बांधलेले, इमारतीचा भाग ठरणारे काम मात्र क्रेडिटबाहेर राहिले. मॉड्युलर मालाकडे कल वाढायला हेही एक कारण झाले, आणि ती पुनर्वापराच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट.

अडचण विकताना येते. जीएसटी कायद्याचे कलम १८(६) म्हणते, घेतलेल्या क्रेडिटमधून ठरलेली घट वजा करून उरणारी रक्कम किंवा विक्रीकिमतीवरचा कर, यांत जास्त असेल ते भरा. ही घट पाच वर्षांत, म्हणजे ६० महिन्यांत, पूर्ण होते. धरा, १ कोटीचे फर्निचर, त्यावर १८ लाखांचे क्रेडिट. बरोबर ३६ महिन्यांनी, म्हणजे लॉक-इन संपताना, ४० टक्के उरते: ७ लाख २० हजार. लॉट ६ लाखांना गेला तर १८ टक्क्यांनी कर होतो १ लाख ८ हजार. डीलरकडून बिलात तेवढेच मिळतात, सरकारला भरायचे ७ लाख २० हजार. फरक ६ लाख १२ हजारांचा. विक्री करून हातात उणे १२ हजार.

घट कशी मोजायची यावरही नियम एकमत नाहीत. नियम ४०(२) सांगतो, दर तिमाहीला किंवा तिच्या भागाला ५ टक्के. नियम ४४(६) सांगतो, ६० महिन्यांपैकी उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. ३६ महिन्यांना दोन्ही जुळतात. २५ महिन्यांना पहिल्याने ५५ टक्के उरतात, दुसऱ्याने ५८.३३, वरच्या उदाहरणात फरक ६० हजारांचा. दोन्ही नियम त्याच कलमासाठी आहेत, म्हणून प्रत्येक सल्लागाराचे उत्तर वेगळे.

दान केले तर? कलम १७(५)(एच) भेट दिलेल्या आणि निर्लेखित केलेल्या, म्हणजे हिशेबातून काढून टाकलेल्या, मालाचे क्रेडिट नाकारते, आणि त्यात पाच वर्षांची मर्यादा लिहिलेली नाही. एक मत म्हणते, पूर्ण क्रेडिट परत करा. दुसरे म्हणते, वापरून झालेला भाग वगळा. जिल्हा परिषदेच्या शाळेला चाळीस खुर्च्या द्यायला निघालेल्या कंपनीचा लेखा विभाग पहिल्या मतापाशी थांबतो, आणि ६० महिने उलटल्यावर नाममात्र किमतीला विकण्याचा मार्ग सुचवतो. देणाऱ्याला दंड आणि अडगळीत ठेवणाऱ्याला सूट, असा हा कायदा झाला आहे. स्वतःच्याच नव्या ऑफिसात नेलेल्या मालाला मात्र, त्याच राज्यातल्या नोंदणीखाली, यातले काहीच लागत नाही. लागते ते डिलिव्हरी चलन, आणि महाराष्ट्रांतर्गत १ लाखावर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद. ऑफिसचे सामान घरगुती सामानाच्या सवलतीत बसत नाही; टेम्पो अडतो तो इथेच. बेंगळुरूच्या शाखेला पाठवले तर तो वेगळ्या नोंदणीला केलेला पुरवठा ठरतो आणि कर-बिल फाडावे लागते.

२०२० नंतरचे चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. ऑफिसे रिकामी झाली, खुर्च्या कर्मचाऱ्यांच्या घरी गेल्या, ओशिवरा-जोगेश्वरीच्या बाजारात वर्कस्टेशनचे ढीग लागले. जीएसटी आल्यावर केलेल्या खरेदीला तोवर पाच वर्षे झाली नव्हती. काहींनी माल भिवंडीच्या गोदामात टाकून मुदत भरण्याची वाट पाहिली. दोन पावसाळ्यांनंतर त्या पार्टिकल बोर्डाचे काय होते, हे गोदामवाल्यांना विचारावे.

२०२२-२३ पासून मोठ्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना कचऱ्याचा तपशील अहवालात द्यावा लागतो. त्यात पुनर्वापर, पुनर्चक्रण आणि विल्हेवाट असे वेगळे रकाने आहेत. त्यामुळे डीलरकडून वजनपावती मागण्याची पद्धत आली. पावतीवर टन असतात, माल पुढे वापरला गेला की तोडला, ते नसते. नगवार यादी जोडली तरच तो आकडा तपासता येतो.

खुर्चीची गोष्ट सोपी आहे. गॅस लिफ्ट, नायलॉन बेस, पाच चाके, हाताचे पॅड हे चारही भाग सुटे मिळतात. पीयूचे (पॉलियुरेथेनचे) पॅड आपल्या दमट हवेत आधी चुरतात, त्यामुळे चांगल्या खुर्च्याही भंगार वाटतात. पॅड आणि चाके बदलली की बहुतेक पुन्हा चालतात. मेकॅनिझम अडकत असेल आणि मॉडेल बंद झाले असेल, तरच ती खुर्ची सुट्या भागांसाठी ठेवावी.

अलीकडे भाड्याच्या फर्निचरकडे वळलेल्या कंपन्यांनी ६० महिन्यांचे घड्याळ भाडे देणाऱ्याच्या गळ्यात घातले आहे. माल त्याच्या मालकीचा, तो एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे फिरवतो आणि त्याला विकावा लागत नाही. भाड्याच्या करारातही नुकसानभरपाईचे कलम नगावर लिहिलेले असावे, लॉटवर नाही. नाहीतर सोडताना एका फुगलेल्या पॅनेलसाठी अख्ख्या ओळीचे बिल येते.