लोलिता पोशाख आणि गोऱ्या रंगाची अट

टोकियोच्या हाराजुकु भागातून जगभर गेलेला लोलिता पोशाख, म्हणजे पेटीकोटने फुगवलेला गुडघ्यापर्यंतचा घेरदार झगा, लेस आणि डोक्यावर बॉनेट नावाची टोपी, हा व्हिक्टोरियाकालीन युरोपची छाया असल्यामुळे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या अंगावर उपराच दिसतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा समज इतिहासाला धरून नाही.

मुळात ज्या जपानी तरुणींनी ही शैली घडवली, त्यांचाही त्या युरोपशी वारशाचा संबंध नव्हता. त्यांनी ती हौसेने उचलली आणि आपलीशी केली. मग हाच हक्क अटलांटा किंवा लंडनमधल्या कृष्णवर्णीय तरुणीला का नसावा, याचे उत्तर आक्षेप घेणारे क्वचितच देतात.

शिवाय व्हिक्टोरियाकालीन इंग्लंड केवळ गोऱ्यांचे नव्हते. पश्चिम आफ्रिकेत जन्मलेल्या आणि राणी व्हिक्टोरियाच्या आश्रयाखाली वाढलेल्या सारा फोर्ब्स बोनेटा यांचे १८६२ मध्ये ब्रायटनला लग्न झाले. त्याच वर्षी कामीय सिल्वी यांनी काढलेल्या छायाचित्रांत त्या प्रचंड घेराच्या झग्यात उभ्या आहेत, आणि तो वेश त्यांना परका आहे असे कोणालाही वाटणार नाही.

फिकट गुलाबी रंग सावळ्या कांतीवर उठत नाही, हा आक्षेप तर डोळे उघडे ठेवले तरी टिकत नाही. खरी अडचण निराळी आणि अगदी साधी आहे: सरळ, चापून बसणाऱ्या केसांच्या मापाचा हेअरबँड दाट कुरळ्या केसांवरून निसटतो, म्हणून हनुवटीखाली रिबिनीने बांधायचे बॉनेट तिथे अधिक कामाचे ठरते.