विषाणूला वाट करून देणारी आपलीच कात्री

मार्च २०२० मध्ये आयसीएमआरने कोविड रुग्णांची देखभाल करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेण्याचा सल्ला दिला होता. प्रयोगशाळेत हे औषध करोनाला चांगलं रोखत होतं. मग माणसांत ते का चाललं नाही? ते गाजलेले प्रयोग व्हेरो पेशींवर, म्हणजे आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर झाले होते. त्या पेशींत टीएमपीआरएसएस-२ नावाचं प्रथिन जवळपास नसतंच. आपल्या श्वसनमार्गात मात्र ते असतं.

हे प्रथिन प्रोटिएज आहे, म्हणजे इतर प्रथिनं कापणारी कात्री. ४९२ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या पडद्यात रुतलेली असते आणि तिचं कापणारं टोक बाहेर असतं. करोनाचा काटा, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरचं स्पाइक प्रथिन, आपल्या पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला नुसता चिकटून भागत नाही. तो ठरावीक जागी कापला गेला, तरच विषाणूचं आवरण पेशीच्या पडद्यात मिसळतं. हे काम आपलीच कात्री करून देते, तेही पेशीच्या दारातच. कात्री नसेल तर विषाणू पेशीच्या आतल्या आम्लयुक्त पिशवीत शिरतो आणि तिथली कॅथेप्सिन विकरं काटा कापतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन त्या पिशवीतली आम्लता घटवतं. फुप्फुसात विषाणू त्या वाटेला फारसा जातच नव्हता! पुढे ओमिक्रॉन मात्र याच दुसऱ्या वाटेकडे झुकला.

इन्फ्लुएंझाही याच विकरावर विसंबतो. ते बनवणारं जनुक काढून टाकलेले उंदीर ठणठणीत राहतात आणि एच१एन१ फ्लू त्यांना फारसा त्रास देत नाही. मला ही फार आशेची गोष्ट वाटते. जपानमध्ये स्वादुपिंडाच्या सुजेवर दिलं जाणारं कॅमोस्टॅट ही कात्री बोथट करतं. डेन्मार्कमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड रुग्णांना त्याचा फायदा झाला नाही, पण तोवर विषाणू पेशीपेशींत पोचलेला असतो.

कर्करोगातली गोष्ट वेगळी आहे. २१व्या गुणसूत्रावरचं हे जनुक प्रोस्टेट ग्रंथीत जोरात चालतं आणि पुरुषी संप्रेरकांच्या हुकमाने चालतं. २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नैयन आणि सहकाऱ्यांना प्रोस्टेटच्या गाठींत हे जनुक तुटलेलं आढळलं. त्याचा नियंत्रक भाग डीएनएची सुमारे ३० लाख अक्षरं दूर असलेल्या ईआरजी जनुकाला जोडला गेला होता. एरवी प्रोस्टेटमध्ये गप्प असणारं ईआरजी मग संप्रेरकाच्या प्रत्येक इशाऱ्यावर बनू लागतं. युरोपीय वंशाच्या रुग्णांत जवळपास निम्म्या गाठींत ही जोडणी सापडते, आशियाई रुग्णांत बरीच कमी. इथे दोष कात्रीचा नाही, जनुकाच्या नियंत्रणाचा आहे. म्हणून कॅमोस्टॅटने ही जोडणी सुटणार नाही.

यावरून कोविडसाठी एक कल्पना पुढे आली: पुरुषी संप्रेरकं दाबली तर फुप्फुसातली कात्रीही कमी होईल का? अमेरिकेतल्या कोविड झालेल्या माजी सैनिकांवर, रुग्णालयात दाखल असताना, ही संप्रेरकं दाबणारं, प्रोस्टेट कर्करोगावरचं डेगारेलिक्स हे औषध वापरून पाहिलं गेलं. फायदा दिसला नाही. फुप्फुसातलं हे जनुक प्रोस्टेटइतकं संप्रेरकाच्या मुठीत नसतं, असं पेशींवरच्या अभ्यासांतूनही दिसलं आहे.