घरात ओल, बुरशी, गळती: मोफत वकिलासाठी अर्ज करायचाय तर आधी घराची तपासणी करा (पात्रता, कागदपत्रं, प्रक्रिया)

मागच्या पावसाळ्यात एक ताई मोबाईल घेऊन आल्या. गॅलरीत दोनशेच्या वर फोटो, सगळे काळ्या डागांचे, आणि इतक्या जवळून काढलेले की भिंत कुठली, खोली कुठली, डाग वीतभर आहे की पुरुषभर उंचीचा, काही म्हणता काही कळेना. घरमालकाशी चार वर्षं वाद चालू, धाकट्याला श्वासाचा पंप घ्यावा लागतो, आणि तारीख असलेला एकही कागद हातात नाही. सगळं तोंडी. "अहो त्यांना शंभरदा सांगितलंय" हे कोर्टात चालत नाही हो.

मी विधी सेवेच्या कामात थोडीफार मदत करते, त्यावरून सांगते, मोफत वकील मिळणं हा यातला अवघड भाग नाहीच. वकील मिळतो. पण तो दाखवणार काय? तुम्ही जे नेऊन द्याल तेच. म्हणून अर्ज करायच्या आधी स्वतःच्या घराची नीट तपासणी करून ठेवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. हे सगळं महाराष्ट्रातल्या नियमांप्रमाणे लिहितेय.

आधी पात्रता, कारण बऱ्याच जणांचा समज असतो की मोफत वकील फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळतो. तसं नाहीये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये यादी आहे: कुठलीही महिला, मूल, अनुसूचित जाती किंवा जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, मानवी तस्करीचे बळी, पूर, भूकंप, दुष्काळ, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेले. या कुणालाही उत्पन्नाची अट नाही. म्हणजे बाईचा पगार कितीही असो, ती पात्रच. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे.

आता इथे एक गोम आहे. पात्रता बघतात ती ज्याच्या नावाने केस चालणार त्याची. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, भाडेपावती त्याच्याच नावाची, आणि त्याचं उत्पन्न मर्यादेच्या वर, तर घरमालकाविरुद्धच्या दाव्यात नुसता बायकोच्या नावाने अर्ज करून भागेलच असं नाही. पण महापालिकेकडे ड्रेनेजची, धोकादायक जिन्याची तक्रार करायची असेल तर तिथे राहणारी बाई स्वतःच तक्रारदार होऊ शकते, करार कुणाच्या का नावावर असेना. म्हणून अर्जाआधी ठरवा की तुमचं भांडण नेमकं कुणाशी आहे, मालकाशी, पालिकेशी, सोसायटीशी की वरच्या मजल्यावरच्या बाथरूमवाल्याशी. बहुतेक घरांत दोघातिघांशी असतं, आणि तिथेच घोळ होतो.

तर तपासणी. काय बघायचं याची यादी कायद्यातच तयार आहे, वेगळी शोधायला नको. महाराष्ट्र झोपडपट्टी कायदा १९७१ च्या कलम ४ मध्ये घर राहण्यालायक आहे की नाही हे कशावरून ठरवायचं ते दिलंय: दुरुस्तीची अवस्था, बांधकाम टिकाऊ आहे का, ओल आहे का, नैसर्गिक उजेड आणि हवा, पाणी, ड्रेनेज आणि संडासची सोय, सांडपाणी जातं कुठे. तुमचं घर झोपडपट्टीत नसलं, चाळीत किंवा फ्लॅटमध्ये असलं तर तो कायदा लागू होणार नाही, पण यादी वापरायला कुणी अडवलंय? वहीत एकेका मुद्द्याला एक पान करा आणि खोलीवार लिहा. कविता नको, मोजमाप लिहा. "स्वयंपाकघर, पूर्वेची भिंत, जमिनीपासून अडीच फूट ओल, पोपडे, खाली पांढरी पूड" एवढं पुरतं.

ओल कुठून येते हे ओळखणं फार गरजेचं, कारण समोरचा वकील पहिला प्रश्न हाच टाकतो की तुम्हीच खिडक्या बंद ठेवता, घरातच कपडे वाळत घालता, म्हणून बुरशी येते. जमिनीपासून वर चढलेली ओल आणि तिच्या टोकाला पांढरा क्षार, म्हणजे बहुतेक इमारतीच्या पायातून चढतेय. एकाच जागी पिवळा गोल डाग, वर कुणी आंघोळ केली की गडद होणारा, म्हणजे वरची गळती. स्लॅबला सळईच्या रेषेत भेग आणि गंजाचे तांबूस ओघळ असतील तर विषय बुरशीचा राहिलेलाच नाही, आतली सळई फुगतेय, तिथे पाळणा, पलंग, काही ठेवू नका आणि ती तक्रार आजच करा. शंका असेल तर साधी युक्ती आहे: ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा, एकदोन दिवस ठेवा. थेंब फॉइलच्या बाहेरच्या बाजूला दिसले तर खोलीतली वाफ, आत भिंतीकडे दिसले तर ओल भिंतीतूनच येतेय. हा काही लॅबचा रिपोर्ट नाही, पण काढताना व्हिडिओ केलात तर वकिलाला निदान दिशा मिळते.

फोटो काढताना प्रत्येक जागेचे तीन काढा, दारातून पूर्ण खोली, मग पूर्ण भिंत, मग जवळून डाग, आणि जवळच्या फोटोत शेजारी मोजपट्टी धरा. दर आठवड्याला त्याच जागेवरून पुन्हा. मूळ फाइल ज्या मोबाईलमध्ये आहे तिथून डिलीट करू नका, व्हॉट्सॲपवर पाठवून तेवढीच कॉपी ठेवणारे खूप भेटतात आणि मग मूळ तारीखवेळ गायब. डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील तयार करून घेतील, पण त्यासाठी मूळ मोबाईल हवा.

डॉक्टरचे कागद. इथे लोक जरा जास्त ताणतात. डॉक्टरला "घरामुळे आजार झाला असं लिहून द्या" म्हणू नका, कुठलाही शहाणा डॉक्टर ते लिहिणार नाही आणि लिहिलंच तर उलटतपासणीत टिकणार नाही. निदान, तारीख, किती वेळा दाखवलं, कुठलं औषध, आणि ओल-बुरशीच्या जागी राहिल्यास त्रास वाढू शकतो, एवढं लिहिलं तरी भरपूर. सरकारी दवाखान्याचे केसपेपर फाडू नका, फेकू नका, तारखेने लावा. शाळेची गैरहजेरी पण जोडा, तो कागद कुणाला सुचतच नाही.

आता घरमालकाला लेखी नोटीस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर नीट दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत केलं नाही तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे महिना ४,००० भाडं असेल तर वर्षाचे ४८,००० आणि त्यातले जास्तीत जास्त १२,०००. पक्की बिलं हवीत. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास मालकाने बंद केला तर कलम २९ आहे, त्याखाली कोर्टाकडून ते सुरू करून घेता येतं. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी मात्र कलम १४ आपल्याला लागूच आहे असं धरून भाडं कापायला जाऊ नये, तुमच्या करारात दुरुस्ती कुणाकडे लिहिली आहे ते आधी वाचा. आणि करारच लेखी नसेल तर लगेच हातपाय गाळू नका, लेखी नोंदणीकृत करार करणं कलम ५५ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे आणि तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, समोरच्याने उलट सिद्ध केलं नाही तोवर.

आणि भाडं थांबवू नका!! रागाच्या भरात लोक हेच पहिलं करतात आणि आयतं कारण मालकाच्या हातात देतात. कलम १५ मध्ये थकबाकीच्या नोटिशीनंतर ९० दिवसांची मुदत आहे हे खरं, पण त्या भानगडीत पडायचंच कशाला. मालक घेत नसेल तर मनीऑर्डर करा, परत आलेली पावती जपून ठेवा, ती उलट तुमच्याच कामाची.

पालिकेकडे तक्रार करताना आवक नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पाहणी झाली की रिपोर्ट आपणहून कुणी देत नाही, तो माहिती अधिकारात मागा, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही. "आमच्याकडे निधी नाही" असं उत्तर आलं तर १९८० चा रतलाम नगरपालिकेचा सुप्रीम कोर्टाचा निकाल वकिलाला आठवून द्या, रहिवाशांनी गटारं-संडासासाठी लढलेली केस होती आणि पैसे नाहीत हे कारण न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी चालवून घेतलं नाही. ती केस सार्वजनिक उपद्रवाच्या ज्या कलमाखाली होती ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे, कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. इमारत पडायला आलीय अशा तक्रारीही त्यात बसतात.

एक गोष्ट मात्र उघड सांगते, ती आधी न सांगणाऱ्यांचा मला राग येतो. इमारत जुनी असेल तर पालिकेची पाहणी तुमच्या ओलीपुरती थांबेल याची खात्री नाही. मुंबईत सी-१ म्हणजे अतिधोकादायक वर्गात गेली तर रिकामी करायची नोटीस येते. तक्रार करू नका असं मी म्हणत नाहीये, जीव आधी. पण तक्रारीच्या आधीच आपल्या खोलीचं कार्पेट मोजमाप, भाडेपावत्या, लाइट बिल, रेशन कार्ड हे सगळं एका फाइलमध्ये घराबाहेर नातेवाईकाकडे ठेवा, आणि रिकामं करायची वेळ आलीच तर कोण किती जागेत राहत होतं याची पालिकेकडून लेखी नोंद घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. तुमचा भाडेकरू म्हणून हक्क उद्या त्याच कागदावर उभा राहणार.

आता प्रत्यक्ष अर्ज, जो वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तिथे फॉर्म मिळतो, नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) वेबसाइटवरून ऑनलाइनही भरता येतो, आणि काहीच जमत नसेल तर १५१०० ही हेल्पलाइन आहे. फॉर्म मराठीत भरा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथला कर्मचारी किंवा पॅरा लीगल व्हॉलंटियर (विधी सेवेचा स्वयंसेवक) लिहून घेतो आणि अंगठा चालतो. अर्जाला फी नाही. सोबत ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, आणि तुम्ही ज्या गटात बसता त्याचा कागद: जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, किंवा उत्पन्नाच्या गटात असाल तर तहसीलदारांचा दाखला. दाखला यायला वेळ लागतोय म्हणून महिनाभर थांबू नका, उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र दिलं तरी विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १३ प्रमाणे ते पुरेसं धरता येतं, अविश्वास ठेवायला कारण नसेल तर. महिलेला गटाचा वेगळा दाखला लागत नाही. मग तुमची ती वही, निवडक फोटोंच्या प्रिंट, नोटिशीची प्रत, पोचपावती, आवक नंबर, केसपेपर. दोनशे फोटो नको, वीस-पंचवीस द्या.

निर्णय सात दिवसांच्या आत व्हायला हवा, नालसाच्या २०१० च्या नियमात तसं आहे. नामंजूर झाला तर अपील करता येतं, म्हणून कारण लेखी मागा. मंजूर झाला की वकील, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, नकलांचा खर्च सगळं त्यात आलं. वकिलाने वर पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, सरळ प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा आणि वकील बदलून मागा. आणि प्रत्येक वेळी दावाच टाकायला हवा असं नाही. पाणी किंवा सार्वजनिक स्वच्छतेचा वाद असेल तर कायमस्वरूपी लोकअदालत आहे, तिथे कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली नाही तर ती स्वतः निकालही देऊ शकते. पालिकेशी असलेल्या ड्रेनेजच्या भांडणात मला तोच रस्ता बरा वाटतो.

दावा टाकलाच तर वकिलाला कोर्ट कमिशनरचा अर्ज करायला सांगा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली कोर्ट माणूस पाठवून जागेची पाहणी करून घेतं, त्याचा रिपोर्ट तुमच्या सगळ्या फोटोंपेक्षा वजनदार. फक्त तो येणार म्हणून घर आवरताना भिंतींना हात लावू नका. सुरुवातीला सांगितलेल्या त्या ताईंनी नेमकं तेच केलं, आदल्या रात्री ब्लीच घेऊन भिंती लख्ख पुसल्या, "कोर्टाचा माणूस येणार, घर असं कसं दाखवायचं" म्हणून. नशीब एवढंच की संडासाच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत त्यांचा हात पोचला नव्हता.