तळ्यांतील उपऱ्या तणांचे व्यवस्थापन (गोवा)

गोड्या पाण्याच्या तळ्यात बाहेरून आलेली, झपाट्याने पसरणारी तणे काढणे आणि ती पुन्हा शिरू न देणे, या कामांना मिळून ही संज्ञा वापरतात. गोव्यातील बरीच तळी शेतीसाठी बांध घालून पाणी अडवल्याने झालेली आहेत. करमळीचे तळे आणि कुडतरीची तळी ही त्यांची परिचित उदाहरणे. सुमारे ४२ हेक्टरांचे, कुडचडे येथील नंदा तळे २०२२ मध्ये गोव्यातील पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरले.

भारतातील तळ्यांत सर्वाधिक उपद्रव देणाऱ्या तरंगत्या तणांपैकी दोन मुख्य आहेत. जलपर्णी (पाँटेडेरिया क्रॅसिपीस, जुने नाव आयकॉर्निया) मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली. तिचा फुगीर देठ चिरला की आत हवेने भरलेला स्पंजासारखा गर दिसतो, आणि त्याच्याच बळावर ती तरंगते. साल्विनिया मोलेस्टा हा आग्नेय ब्राझीलमधला नेचा. त्याच्या पानावरचे केस चार-चार मिळून टोकाशी जुळतात व रवीच्या बोंडासारखा पोकळ आकार घेतात. त्यामुळे पाण्याचा थेंब पानाला न भिजवता घरंगळतो, आणि फवारलेले तणनाशकही, त्यात पसरवणारे द्रव्य मिसळले नसेल तर, तसेच ओघळून जाते. दोन्हींच्या दाट थराखाली उजेड पोचत नाही व विरघळलेला प्राणवायू घटतो. शिवाय मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या जलपर्णीच्या मुळांना नळी टोचून श्वास घेतात, त्यामुळे पृष्ठभागावर तेल टाकण्याचा नेहमीचा उपाय त्यांच्यावर फारसा चालत नाही.

उपाय निवडण्याआधी तण ओळखणे आवश्यक असते. साल्विनिया मोलेस्टा वंध्य आहे. ती केवळ तुकड्यांतून वाढते, म्हणून उन्हाळ्यात तळे पूर्ण आटवले तर ती वाळून संपते. जलपर्णीचे बी मात्र गाळात पंधरा-वीस वर्षे टिकू शकते, आणि पाणी ओसरून गाळाला ऊन लागले की तेच बी रुजते. त्यामुळे मानशीची (बांधातून पाणी सोडण्याच्या वाटेची) दारे उघडून तळे रिकामे केल्यावर उगवलेली रोपे पाणी भरण्याआधी उपटली नाहीत, तर आटवण्याची सारी खटपट उलटी पडते.

जैविक नियंत्रणासाठी सोंडे (तण खाणारे, सोंडेसारख्या तोंडाचे भुंगे) वापरतात: जलपर्णीवर निओकेटिनाच्या दोन जाती, साल्विनियावर सिर्टोबॅगस साल्विनी. हे कीटक १९८० च्या दशकात भारतात आणले गेले, आणि साल्विनियाच्या बाबतीत केरळात त्यांचे यश ठळक ठरले. तथापि तळे यंत्राने पुरते साफ केल्यास सोंडेही तणासोबत बाहेर जातात; दोन्ही मार्ग एकाच वेळी राबवण्यात म्हणूनच फारसा अर्थ नसतो. तणनाशकाने एकदम मेलेले तण तळाशी कुजते व उरलासुरला प्राणवायूही खेचून घेते. माशांवर व तळ्याखालच्या वायंगणी (पावसाळ्यानंतर घेतल्या जाणाऱ्या) भातावर गुजराण असलेल्या गावात हा उपाय शेवटचाच मानावा.

सगळी हिरवी गर्दी तण नसते. करमळीच्या तळ्यात उगवणारे देवभात हा देशी रानटी तांदूळ आहे, आणि सरसकट कापणीत त्याचाही बळी जाऊ शकतो. स्थलांतरित बदके हिवाळ्यात उतरतात, म्हणून मोठी साफसफाई ती परतल्यावर, मार्च ते मे या काळात करणे सोयीचे ठरते. पाणीही तेव्हा खालावलेले असते.

काढलेल्या जलपर्णीच्या वजनात सुमारे पंच्याण्णव टक्के पाणीच असते, त्यामुळे ती ओली वाहून नेणे म्हणजे पाण्याचेच भाडे भरणे. काठावर काही दिवस सुकवून, शेण मिसळून तिचे खत करता येते, मात्र फुलावर आलेली झाडे ढिगात पुरेशी तापली नाहीत तर बी जिवंत राहते. ढीग बांधाच्या आतल्या उतारावर ठेवण्याची चूक वारंवार होते. मृगाच्या पहिल्या सरींतच तो निम्मा तळ्यात परततो.